विश्लेषण : निजामाच्या मुलखात वाढलेला मुलगा नाशिकचा हुतात्मा कसा झाला? अनंत कान्हेरे यांच्या अठरा वर्षांची गोष्ट

नाशिकमधील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान सकाळी फिरायला जाणाऱ्यांना आणि क्रिकेट रसिकांना चांगले परिचयाचे. अनेकांच्या तोंडी आजही त्याचे जुने नाव आहे, गोल्फ क्लब मैदान. ज्यांचे नाव मैदानाला दिले गेले, ते कान्हेरे मात्र मूळचे नाशिकचे नव्हते. त्यांचा जन्म कोकणातला, शिक्षण निजामाच्या राज्यातले. तरीही २१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि चार महिन्यांत ते फासावर गेले. त्या वेळी ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. या कोवळ्या वयात नाशिकचे दुःख त्यांना आपले का वाटले?

कान्हेरे कुठले, वाढले कुठे?

अनंत लक्ष्मण कान्हेरे यांचा जन्म १८९२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात, आयनी या गावी झाला. कोकणातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे त्यांच्याही घरच्यांना पोटासाठी आणि शिक्षणासाठी घाटावर यावे लागले. अनंत यांचे प्राथमिक शिक्षण निजामाबादला, म्हणजे तेव्हाच्या इंदूरला झाले. (मध्य प्रदेशातील इंदूर वेगळे.) पुढे इंग्रजी शिक्षणासाठी ते औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला आले.

ही दोन्ही शहरे हैदराबाद संस्थानात होती. तिथे निजामाचा अंमल होता, कलेक्टर साहेबाचा नव्हे. निजामाबादच्या बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू आणि घरात मराठी, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. ब्रिटिश राज्यकारभाराचा थेट चटका त्यांना लहानपणी बसण्याचे कारण नव्हते. त्यांच्या आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट सहसा सुटून जाते.

मग देशभक्तीची ओढ कुठून आली?

मैत्रीतून, असे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. १९०८ च्या सुमारास औरंगाबादमध्ये कान्हेरे हे गंगाराम रूपचंद श्रॉफ या मारवाडी मित्राच्या घरी भाड्याने राहू लागले. या मैत्रीचा त्यांच्यावर इतका प्रभाव होता, की त्यांनी 'मित्रप्रेम' नावाची कादंबरी लिहिली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाने आपल्या मैत्रीवर कादंबरी लिहावी, यावरून त्यांच्या मनाचा कल कळतो. कुणावर तरी जीव टाकावा, त्यासाठी काहीतरी करून दाखवावे, असे वाटण्याचे ते वय होते.

गंगाराम यांच्याकडे येवल्याच्या गणू वैद्य यांचे येणेजाणे होते. वैद्य नाशिकच्या गुप्त मंडळाशी जोडलेले होते. अशा रीतीने औरंगाबादच्या एका भाड्याच्या खोलीचा धागा येवल्यामार्गे नाशिकला जुळला. घर, गाव, जात यांपेक्षा मित्र आणि शपथ यांतून तयार झालेले हे नाते होते.

नाशिकमध्ये तेव्हा काय घडत होते?

१९०० मध्ये नाशिकला 'मित्रमेळा' स्थापन झाला होता. गणेशोत्सव, शिवजयंती, मेळे आणि पोवाडे यांच्या आधारे तरुणांना एकत्र आणण्याचे काम तो करीत असे. १९०४ मध्ये त्यातूनच 'अभिनव भारत' ही गुप्त संघटना उभी राहिली. विनायक दामोदर सावरकर लंडनला गेल्यावर इथली सूत्रे त्यांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांच्याकडे होती. पायांनी अधू असलेले कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, याच मंडळींतले. त्यांची गाणी शहरभर म्हटली जात.

या गाण्यांनीच पुढचे वळण घेतले. राजद्रोही ठरवलेल्या कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर खटला भरला गेला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हा खटला सुनावणीसाठी वरच्या न्यायालयाकडे पाठवणारे जिल्हा दंडाधिकारी होते कलेक्टर जॅक्सन. काही कवितांसाठी आयुष्यभराची शिक्षा, ही बातमी तरुणांच्या मनात सलत राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनला मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना ठार केले आणि ऑगस्टमध्ये धिंग्रा फासावर गेले. त्याआधीच्या वर्षी बंगालचे खुदीराम बोस अठराव्या वर्षी फाशी गेले होते. त्या पिढीतल्या मुलांसमोर ही उदाहरणे ताजी होती.

जॅक्सन कोण होते?

आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. मुंबई गॅझेटियरमधील गुजरातच्या प्राचीन इतिहासाचे भगवानलाल इंद्रजी यांचे अपुरे राहिलेले काम त्यांनी पूर्ण केले. शाळामास्तरांकडून प्रश्नावल्या भरून घेत त्यांनी गावोगावच्या लोकसमजुती गोळा केल्या. त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी ही सामग्री गुजरात आणि कोकण अशा दोन खंडांत प्रसिद्ध केली. कान्हेरे ज्या कोकणात जन्मले, तिथल्या देव-देवस्कीची, सणावारांची नोंद करणारा हा माणूस होता.

म्हणूनच ही घटना सोपी नाही. या संस्कृतीविषयी जॅक्सन यांना आस्था होती, पण त्याच संस्कृतीतून आलेल्या गाण्यांवर खटला चालवणाऱ्या यंत्रणेचे ते प्रमुखही होते. त्यांची विद्वत्ता आणि सौजन्य हे लोकांना गुंगवण्याचे साधन आहे, असे क्रांतिकारकांचे म्हणणे होते. इंग्रजांना मात्र एका चाहत्याचाच बळी गेल्यासारखे वाटले.

विजयानंद थिएटरमध्ये काय झाले?

जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती. त्यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग विजयानंद थिएटरमध्ये ठेवला गेला. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक जरठ-कुमारी विवाहावरचे.

कटाचे सूत्रधार होते कायद्याचे विद्यार्थी कृष्णाजी गोपाळ कर्वे. पंचवटीतील शाळेत शिक्षक असलेले विनायक नारायण देशपांडे त्यांच्यासोबत होते. दोघेही विशीतले. गोळ्या झाडण्याची जबाबदारी सर्वांत लहान असलेल्या कान्हेरे यांनी घेतली, ते चुकले तर पुढे व्हायला इतर दोघे प्रेक्षकांत बसले होते. वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून गुप्तपणे आलेल्या शस्त्रांपैकी होते. जॅक्सन नाटकाला येताच कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर स्वतःचे आयुष्य संपवण्याचा त्यांचा बेत होता, पण त्याआधीच ते पकडले गेले.

पकडल्यानंतर त्यांनी काय सांगितले?

इथे दोन चित्रे दिसतात. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात कान्हेरे यांचा जबाब दिला आहे. आपल्यावर किंवा ओळखीच्या कुणावर अन्याय झालेला नव्हता, जुलमाच्या हकिकती आपण केसरी, काळ, राष्ट्रमत अशा वृत्तपत्रांत वाचल्या, असा त्याचा आशय आहे. त्यात पश्चात्तापाचाही उल्लेख आहे. दुसरीकडे मराठी चरित्रांतले कान्हेरे शेवटपर्यंत निश्चल, निर्भय आहेत.

अटकेतल्या अठरा वर्षांच्या मुलाचा जबाब सावधपणेच वाचायला हवा. त्यातच चिरोल यांना मराठी वृत्तपत्रांना दोषी ठरवायचे होते. पण स्वतःला झळ न लागताही दुसऱ्याच्या अन्यायासाठी पेटून उठणे, हा जबाबातला भाग त्यांच्या आयुष्याशी जुळतो. निजामाच्या मुलखातल्या मुलाला नाशिकचे बाबाराव आपले वाटले, ते वाचलेल्या बातम्यांमुळे आणि भेटलेल्या मित्रांमुळेच.

परिणाम काय झाले?

मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी देण्यात आली. इतर काहींना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतरच्या नाशिक कट खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवले गेले आणि २७ जण दोषी ठरले. लंडनमध्ये अटक झालेल्या विनायक सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या, त्यातली दुसरी जॅक्सन वधाला साहाय्य केल्याबद्दल. नाशिकमधले गुप्त संघटन जवळजवळ मोडून पडले. फेब्रुवारी १९१० मध्ये आलेल्या प्रेस कायद्याने वृत्तपत्रांचाही गळा आवळला.

आज ही गोष्ट का वाचायची?

कान्हेरे यांची गोष्ट बहुतेक वेळा नाट्यगृहातल्या त्या क्षणापासून सुरू होते आणि फाशीपाशी संपते. त्याआधीची वर्षे त्यात नसतात. खरे तर तो मुलगा कळतो त्या वर्षांतच. गाव सुटलेला, भाड्याच्या घरात राहणारा, मैत्रीवर कादंबरी लिहिणारा आणि कुठे तरी आपले माणूस म्हणून सामावले जावे अशी ओढ असलेला.

आपलेपणाचा शोध घेण्याचे वय आजही तेच आहे. त्या वयातल्या मुलाला कोण भेटते, तो काय वाचतो आणि मोठी माणसे त्याला काय करायला सांगतात, यावर पुढचे सारे ठरते. नाशिककरांनी कान्हेरे यांचे नाव मैदानाला देऊन त्यांना आपले मानले. त्या नावामागचा मुलगाही ओळखीचा झाला, तर हे आपले मानणे पूर्ण होईल.