बापाच्या दारूने घर बुडालं, पोराने गावंच्या गावं सुधारली. डेबूजीचे गाडगेबाबा कसे झाले?

गाडगेबाबांचा खराटा सगळ्यांना माहीत आहे. पण तो खराटा हातात येण्याआधी त्यांच्या घरात काय घडलं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव (ता. अंजनगाव सुर्जी) इथे परीट समाजात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी, आई सखुबाई. त्या काळी समाजात लग्न असो, बारसं असो की देवाचा नवस, बोकड आणि दारू लागायचीच. झिंगराजींना तिथेच सवय लागली. शेतीवाडी गेली आणि शेवटी जीवही गेला. मरताना त्यांना पश्चात्ताप झाला आणि पोराला या वाटेला लागू देऊ नको, असं त्यांनी सखुबाईला बजावलं, असं सांगितलं जातं. डेबूजी तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता.

सखुबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, माहेरी आल्या. पोरगा शाळेत गेला नाही. गुरं राखली, शेण काढलं, मोठा झाल्यावर नांगर धरला. दिवसभर शेतात राबायचं आणि रात्री भजनाला बसायचं, हीच त्याची शाळा. कष्टाची लाज वाटू नये, हे तो तिथेच शिकला.

दुसरा धडा सावकाराने दिला. मामा चंद्रभानजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. विश्वासाने कागदावर अंगठे दिले आणि शेत सावकाराच्या घशात गेलं. मामा त्या धक्क्याने खचले आणि गेले. अक्षर न येण्याची किंमत डेबूजीने घरातच पाहिली.

पुढे त्यांच्या मुलीचं बारसं आलं. रिवाजाप्रमाणे भाऊबंद मटण आणि दारूची वाट पाहत होते. डेबूजींनी गोडाधोडाचं जेवण वाढलं. लोक रागावले, नावं ठेवली, पण ते हलले नाहीत. ज्या रिवाजाने बाप नेला, तो लेकीच्या पाळण्याजवळ त्यांनी येऊ दिला नाही. भाऊबंदांत राहून असं करणं किती अवघड असतं, ते गावात राहणाऱ्यालाच कळेल.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. गावात शिरलं की आधी झाडझूड, रात्री कीर्तन. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण कशाला? देवापुढे बोकड कशाला? दारू पिऊन कोणाचं भलं झालं? पोरांना शाळेत घाला, हे तर प्रत्येक गावात सांगायचे, त्यासाठी घरची भांडी मोडावी लागली तरी चालेल म्हणायचे. यातला एकही विषय पुस्तकातला नव्हता. सगळं त्यांच्या घरात घडून गेलेलं होतं.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. पण स्वतःच्या कुटुंबाला त्यांनी त्यातलं काही घेऊ दिलं नाही. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. आज अमरावती विद्यापीठाला, शाळेत न गेलेल्या या माणसाचं नाव आहे.

घरात जे दिसतं तेच पोरं उचलतात, असं आपण म्हणतो. डेबूजीने घरात दारूही पाहिली आणि आईचे कष्टही पाहिले. त्याने कष्ट उचलले, कारण आईने आणि आजोळाने ते रोज करून दाखवले. घरात एक जण वाट चुकला म्हणून लेकराचं नशीब ठरत नाही. पण सरळ वाटेने चालणारं कुणीतरी त्याच्या डोळ्यासमोर असावं लागतं.