न दुखणाऱ्या पायांचा वैद्य

मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टर खास पादत्राणे घालायला सांगतात, रुग्ण ती करवूनही घेतो आणि मग ती दाराशी तशीच पडून राहतात. ही तक्रार जगभरातल्या डॉक्टरांची आहे. रुग्ण असे का वागतो, याचा शोध घेण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या कार्याची पायाभरणी भारतातच झाली.

ब्रँड यांचा जन्म १९१४ साली आजच्या तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, एका मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. नऊ वर्षांचे असताना त्यांची शिक्षणासाठी इंग्लंडला रवानगी झाली. तेथे ते आधी सुतारकाम आणि बांधकाम शिकले, वैद्यकाकडे नंतर वळले. या शल्यविशारदाने पुढे चपलांच्या तळव्यांतही तितकेच लक्ष घातले, ते बहुधा त्यामुळेच.

१९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवरील शस्त्रक्रियांनी त्यांचे नाव झाले. रोगाने मांस कुजते आणि बोटे झडतात, असा तेव्हाचा समज होता. ब्रँड रुग्णांची दिनचर्या पाहू लागले. गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवताना बोट फाटले तरी रुग्णाला कळत नसे. रात्री उंदरांनी बोटे कुरतडली तरी झोप मोडत नसे. अपराधी होती ती हरपलेली वेदना. पायांच्या जखमांसाठी त्यांनी तळव्याला घट्ट बिलगणारे प्लास्टर वापरले आणि मऊ, सच्छिद्र एमसीआर रबराच्या चपला करवून घेतल्या. पण वेगळी दिसणारी चप्पल म्हणजे रोगाची जाहिरातच. ती कोण हौसेने घालणार?

१९६६ साली ते अमेरिकेत, लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायांवर त्यांना तशाच जखमा दिसल्या. दोष केवळ रक्तपुरवठ्याचा मानला जाई. बधिर तळव्यावर पावलोपावली पडणारा हलका दाबही व्रण करतो, हे त्यांनी दाखवले. ज्याचा पाय दुखतो तो लंगडतो, भार बदलतो, बूट सैल करतो. बधिर पायाला बेताचा बूटही ढिला वाटतो, म्हणून रुग्ण आवळणारा बूट पसंत करतो.

मग त्यांनी कृत्रिम वेदना घडवण्याचा घाट घातला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाब मोजणारी यंत्रणा बसवली. धोक्याचा नाद रुग्ण कानाआड करीत, म्हणून विजेचा झटका योजला. तेव्हा एखादे काम करायचेच असले की रुग्ण यंत्रणाच बंद करून टाकत! काही वर्षांच्या खटपटीनंतर प्रकल्प गुंडाळावा लागला. माझ्या मते, त्यांच्या यशस्वी शस्त्रक्रियांपेक्षाही हे अपयश अधिक शिकवणारे आहे. स्वतःची वेदना माणसाला बंद करता येत नाही. डॉक्टरांची सूचना मात्र सहज दाराबाहेर ठेवता येते.

ब्रँड १९८६ साली निवृत्त झाले आणि २००३ साली सिएटल येथे, ८८व्या वर्षी निवर्तले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१३ साली, नेदरलँड्समधील संशोधकांनी बुटांत बसवलेल्या यंत्राने रुग्णांचे वागणे मोजले. बाहेर पडताना खास बूट बहुतेक वेळ पायात असत, घरात मात्र बरेच कमी. आणि चालणे अधिक होई ते घरातच. उंबऱ्याबाहेर चपला काढणाऱ्या आपल्या घरांत तर ही अडचण आणखी जुनी आहे.