भास्कराचार्य द्वितीय

भास्कराचार्य किंवा भास्कर द्वितीय (जन्म : शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील भास्कर प्रथम यांच्याहून ते वेगळे ओळखता यावेत, म्हणून त्यांच्या नावापुढे 'द्वितीय' लावतात. त्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ अनेक शतके गणिताचे पाठ्यपुस्तक म्हणून वापरात होता.

जीवन

भास्कराचार्यांचा जन्म शांडिल्य गोत्री विद्वान कुळात झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जलविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. हे गाव कोणते याविषयी मतभेद आहेत; खानदेशातील पाटणे परिसर, मराठवाड्यातील बीड आणि कर्नाटकातील विजापूर अशी स्थाने अभ्यासकांनी सुचवली आहेत. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. 'करणकुतूहल' हा ग्रंथ इ.स. ११८३ मधील आहे.

लीलावती

या ग्रंथात नियमामागोमाग उदाहरण येते आणि ते सोडवण्याचे आव्हान शिकणाऱ्याला दिलेले असते. वाऱ्याने मोडलेल्या ३२ हात बांबूचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला, असा एक प्रश्न आहे. उत्तर १२ हात. गणितपाश या प्रकरणात शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल किती प्रकारे होईल, असे विचारले आहे; उत्तर ३६,२८,८०० येते. लीलावती ही त्यांची कन्या असल्याची कथा फैजीच्या १५८७ मधील फार्सी अनुवादातून प्रसिद्ध झाली.

उपपत्तीचा आग्रह

नियम पाठ असूनही त्याची उपपत्ती न जाणणाऱ्या गणकाला विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले.

चक्रवाल

ब्रह्मगुप्त व जयदेव यांच्या परंपरेतील चक्रवाल पद्धत त्यांनी बीजगणितात मांडली. एखाद्या वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवल्यास पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या त्यांनी शोधली. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असून दुसरा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे. इ.स. १६५७ मध्ये फर्मा यांनी हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. ठरावीक पायऱ्या पुन्हापुन्हा करत उत्तर गाठणारी ही पद्धत आजच्या संगणकशास्त्रातील अल्गोरिदमच्या कल्पनेशी जुळते.

पाटणे येथील मठ

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी मान होता. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळील पाटणे येथे मठ स्थापला. शके ११२८ च्या तेथील शिलालेखात मठाला मिळालेल्या दानांची नोंद असून त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १९ व्या शतकात प्रकाशात आणला. अवघड गणिताच्या अध्यापनासाठी स्थानिक सत्ताधीशांनी उत्पन्न लावून दिल्याचा हा दुर्मीळ पुरावा आहे.

वारसा

हेन्री कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये लीलावती व बीजगणित यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. भारताने १९७९ व १९८१ मध्ये सोडलेल्या दोन उपग्रहांना 'भास्कर' हे नाव देण्यात आले.