आर्सचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियानी

४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी ह्यांचा सण. जगभरच्या धर्मग्रामांतील प्रमुख धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत आहेत. परंतु प्रमुख धर्मगुरू ह्या पदाचे ओझे ज्यांना आयुष्यभर जड वाटले आणि जे त्यातून सुटण्यासाठी पुन्हा पुन्हा गाव सोडून निघाले, असेही हेच संत होत.

ज्या गावाने त्यांना अडवून धरले ते आर्स फ्रान्समधील ल्यों शहराच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. पूर्वेला दोंबचे पठार पसरलेले आहे. तेथील माती चिकण असून पाणी मुरू देत नाही. त्यामुळे शेकडो तळी, त्यांतील मासे आणि पाणपक्षी ही त्या प्रदेशाची ओळख आहे. पठाराच्या पश्चिम कडेला फोर्मान नावाचा लहानसा ओढा सोन नदीकडे वाहत जातो. त्याच्या काठी आर्स वसले आहे. दहाव्या शतकापासून कागदोपत्री ह्या गावाचे नाव सापडते, पण इतिहासात नोंद व्हावी असे तेथे फारसे काही घडले नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात मात्र तेथील चर्चचा मनोरा पाडला गेला, धर्मगुरूने आपले व्रत सोडले आणि लोकांची उपासनेची सवय मोडली.

त्याच वादळात जॉन मेरींचे बालपण गेले. ८ मे १७८६ रोजी ल्योंजवळील दार्दीयी गावी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १७९९ साली त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले ते एक्युली गावातील एका घरात, दारे बंद करून. प्रकाश बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. पुढे फादर शार्ल बाले ह्यांनी त्यांना शिकवायला घेतले. लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे पडले आणि ले नोए ह्या डोंगरी गावात नाव बदलून राहिले. पुढच्या वर्षी माफी जाहीर झाल्यावर ते परतले. ल्योंच्या सेमिनरीने त्यांना लॅटिनपायी घरी पाठवले, तरी फादर बाले ह्यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांची गुरुदीक्षा झाली. फादर बाले नसते तर आर्सला हा संत लाभला नसता, हे विसरता कामा नये.

फेब्रुवारी १८१८ मध्ये ते आर्सला आले. गावाची वस्ती सुमारे २३० होती. चर्च मोडकळीस आलेले, रविवारी लोक शेतावर आणि संध्याकाळी गुत्त्यात. व्हियानी पहाटेपासून पवित्र साक्रामेंतापुढे बसू लागले, उकडलेल्या बटाट्यांवर राहू लागले आणि घरोघरी फिरू लागले. विटांचा नवा मनोरा त्यांनी उभारला. १८२४ साली गरीब मुलींसाठी शाळा व अनाथाश्रम काढला. कॅथरिन लासान्ये ह्या गावच्याच तरुणीने तो सांभाळला. नाच आणि दारू ह्यांविरुद्धचे त्यांचे प्रवचन फारच कडक असे. नाचणे न सोडणाऱ्यांना ते पापमुक्ती नाकारत. ही कठोरता आज आपल्याला पटणार नाही. त्यांच्या वयाबरोबर तीही पुष्कळ निवळली.

गुत्ते बंद पडले आणि काही वर्षांनी यात्रेकरूंसाठी खानावळी उघडल्या! पापनिवेदनासाठी लोक दुरून येऊ लागले. उन्हाळ्यात व्हियानी सोळा-सोळा तास पापनिवेदनाच्या कोठडीत बसत. मध्यरात्र उलटताच चर्चचे दार उघडे. अखेरच्या काळात वर्षाला येणाऱ्यांची संख्या ऐंशी हजारांच्या घरात गेली. १८५२ साली बिशपमहोदयांनी त्यांना कॅननचा मानाचा अंगरखा दिला. तो त्यांनी पन्नास फ्रँकला विकून पैसे गरिबांना वाटले.

एवढे सारे होत असताना मनात मात्र एकच ध्यास होता: कोठेतरी मठात जाऊन एकांतात आपल्या पापांसाठी रडावे. आपण ह्या कामाला अपात्र आहोत, असे त्यांना खरोखर वाटे. हा दिखाऊ विनय नव्हता. १८४३ साली आजारातून उठल्यावर ते रात्री निघून दार्दीयीला भावाकडे पोहोचले, तर लोक तेथेही मागोमाग आले. काही दिवसांत ते परतले. सप्टेंबर १८५३ मध्ये ते पुन्हा रात्री निघाले. ह्या वेळी सुगावा लागला, चर्चची घंटा वाजली आणि जागे झालेले गावकरी वाटेत आडवे आले. चर्चमध्ये पापनिवेदनासाठी माणसे ताटकळत होती. व्हियानी मागे फिरले आणि कोठडीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी गाव सोडले नाही.

४ ऑगस्ट १८५९ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. १९०५ साली पोप दहावे पायस ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले, तर १९२५ साली पोप अकरावे पायस ह्यांनी संतपद दिले. १९८६ साली, त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दीनिमित्त, पोप दुसरे जॉन पॉल आर्सला येऊन गेले. गाव आता आर्स-सुर-फोर्मान ह्या नावाने ओळखले जाते. वस्ती वाढली असली तरी ते खेडेच आहे. व्हियानींचा देह तेथील बॅसिलिकात काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. बॅसिलिका बांधताना जुने चर्च पूर्ण पाडले नाही. त्याचा पुढचा भाग आणि विटांचा तो मनोरा तसाच ठेवून मागे नवे बांधकाम जोडले. त्यामुळे भाविक आत शिरतात ते व्हियानींच्याच लहानशा चर्चमधून.