समुद्राखालचा श्वास बाजारात आणणारा कप्तान : जॅक कुस्तो

१९४३ सालचा जून महिना. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर बांदोल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनवर पॅरिसहून एक लाकडी खोकं आलं. ते सोडवून घ्यायला नौदलाचा एक तिशीतला, सडपातळ अधिकारी आला होता. महायुद्ध पेटलेलं, देश परक्यांच्या ताब्यात, खायचे वांधे. अशा दिवसांत या खोक्यातून निघाले हवेचे तीन सिलिंडर, दोन रबरी नळ्या, तोंडात धरायचा एक तुकडा आणि या सगळ्यांना जोडणारा एक गोल डबा, म्हणजे रेग्युलेटर. आज जगभरच्या दुकानांत स्कूबाचं जे सामान लटकलेलं दिसतं, त्याचं मूळ या खोक्यात आहे. खोकं सोडवणारा अधिकारी म्हणजे जॅक कुस्तो.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, बोर्दोजवळच्या सेंत आंद्रे द क्युब्झाक या गावातला. १९३० मध्ये तो नौदलाच्या विद्यालयात दाखल झाला. त्याला व्हायचं होतं वैमानिक. पण १९३६ च्या मोटार अपघातात दोन्ही हात जबर जखमी झाले आणि विमानाचं स्वप्न तिथेच संपलं. हातांत ताकद यावी म्हणून तो तुलाँ बंदराजवळ समुद्रात पोहू लागला. फिलिप ताय्ये या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. त्या चष्म्यातून त्याने एकदा खाली पाहिलं आणि आयुष्याची दिशाच बदलली. फ्रेदेरिक द्युमा हा तिसरा गडीही त्यांना येऊन मिळाला. तो भाल्याने मासे मारण्यात पटाईत होता.

अडचण एकच, श्वास पुरत नव्हता. दम धरून बुडी मारली तर मिनिट-दोन मिनिटांत वर यावंच लागे. यीव्ह ल प्रियर या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याने आधीच पाठीवर वाहायचं हवेचं यंत्र काढलं होतं, पण त्यातून हवा सतत वाहायची आणि निम्मी वाया जायची. शुद्ध ऑक्सिजनवर चालणारं यंत्र कुस्तोने स्वतः वापरून पाहिलं. थोडं खोल जाताच त्याला झटके आले, जीव जाता जाता वाचला.

वाट सापडली ती सासुरवाडीकडून. १९३७ मध्ये त्याचं सिमोन मेलकियोरशी लग्न झालं होतं. तिचे वडील एअर लिक्विड या औद्योगिक वायू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत वरच्या पदावर होते. त्यांच्या ओळखीने डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसला कुस्तोची गाठ एमिल गान्यां या इंजिनिअरशी पडली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्यासाठी गान्यांने एक झडप तयार केली होती. इंजिन ओढेल तेवढाच गॅस ती सोडायची. माणसाच्या फुप्फुसालाही नेमकं हेच हवं होतं.

पहिली चाचणी पॅरिसजवळच्या मार्न नदीत झाली. आडवं पोहताना यंत्र छान चाले. उभं राहिलं की हवा भसाभसा बाहेर पडे आणि डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. कारण साधं होतं, पण ते उमगायला वेळ लागला. उच्छ्वास बाहेर सोडायची जागा आणि हवा आत घ्यायची झडप वेगवेगळ्या उंचीवर होती, त्यामुळे दोन्हीकडचा पाण्याचा दाब वेगळा पडत होता. दोन्ही एकाच पातळीवर आणल्या आणि गाडी मार्गी लागली. बांदोलला आलं ते हे सुधारलेलं यंत्र. पहिल्या बुडीच्या वेळी सिमोन पाण्याच्या पृष्ठभागावर पोहत खाली नजर ठेवून होती.

यंत्र दोघांच्या डोक्यातून निघालं, पण जगाने नाव लक्षात ठेवलं ते एकाचंच. गान्यां पुढे कॅनडात माँट्रियलला गेला आणि आपल्या कारखान्यात मुकाट्याने नवी यंत्रं बनवत राहिला. कॅमेऱ्यासमोर तो फारसा आलाच नाही.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये एअर लिक्विडने या सामानासाठी ला स्पिरोटेक्निक ही वेगळी कंपनी काढली. तिथल्या यंत्राचं नाव होतं सीजी ४५, म्हणजे कुस्तो आणि गान्यां यांची आद्याक्षरं आणि पेटंटचं साल. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत त्याला ॲक्वालंग हे नाव मिळालं. ब्रिटनमध्ये सीब गॉर्मन या जुन्या कंपनीने परवाना घेऊन ते बनवलं, १९४९ मध्ये अमेरिकेतही पेटंट मिळालं. यंत्रावर मालकी कंपनीची, शोधकांच्या वाट्याला रॉयल्टी.

अमेरिकेतला पहिला बाजार रेने ब्युसो या फ्रेंच माणसाच्या दुकानातून सुरू झाला. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागात त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. सुरुवातीला अमेरिकेत दहाच संच आले आणि ते विकले गेल्यावर आता इथे आणखी गिऱ्हाईक नाही असं फ्रान्सला कळवण्यात आलं, असा एक किस्सा या धंद्यात अजून सांगतात. खरा असो वा रचलेला, त्या काळचा अंदाज त्यातून कळतो. पाण्याखाली श्वास घेण्यासाठी साधा माणूस पैसे मोजेल, असं कोणाला वाटलंच नव्हतं. ब्युसोने मात्र धंदा वाढवला. पुढे तो यू.एस. डायव्हर्स या नावाने चालला आणि शेवटी एअर लिक्विडकडेच गेला.

गोम अशी होती की दुकानदार यंत्र विकत होता, पण ते वापरायचं कसं हे शिकवणारं कोणी नव्हतं. पाणी शिकाऊ-जाणता बघत नाही. खोलवर दाबाखाली घेतलेली हवा छातीत कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटतं. फार वेळ खाली राहून झटकन वर आलं तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, माणूस लुळा पडतो किंवा मरतो. कुस्तोच्या गटाला हे फार महागात पडून कळलं होतं. १९४७ मध्ये त्याचा नौदलातला सहकारी मोरिस फार्ग विक्रमी खोलीसाठी उतरला. सुमारे १२० मीटरवर पोहोचल्याची खूण आली आणि मग दोर शांत झाला. वर ओढला तेव्हा तोंडातली नळी सुटलेली होती. तो वाचला नाही. शिकलेल्या, सरावलेल्या माणसाची ही गत, तर रविवारी दुकानातून सामान घेऊन थेट समुद्र गाठणाऱ्याचं काय होणार?

ब्युसोच्या दुकानातून ज्यांनी अगदी सुरुवातीला ॲक्वालंग मिळवलं, त्यांत कॉनराड लिंबो आणि अँडी रेक्निट्झर हे विद्यापीठातले दोन तरुण होते. दोघेही पुढे कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत गेले. लिंबोने तिथे पाणबुड्या शास्त्रज्ञांसाठी रीतसर प्रशिक्षण बसवलं. १९५० च्या दशकाच्या मध्यात लॉस एंजेलिस काउंटीच्या माणसांनी ते शिकून सामान्य नागरिकांसाठी वर्ग सुरू केले. आधी शिका, मग बुडी मारा, ही शिस्त तिथून पसरली. हळूहळू दुकानदारही कार्ड दाखवल्याशिवाय टाकीत हवा भरून देईनासे झाले. लिंबो स्वतः १९६० मध्ये फ्रान्समधल्या कासीजवळ पाण्याखालच्या एका गुहेत वाट चुकला आणि गेला. बांदोल त्याच किनाऱ्यावर, तिथून फार लांब नाही.

धंदा वाढला तो मात्र कुस्तोच्या सिनेमामुळे. १९५० मध्ये त्याला कॅलिप्सो ही जुनी सुरुंगशोधक बोट मिळाली. लोएल गिनेस या धनिकाने ती वर्षाला एक फ्रँक भाड्याने दिली होती. बोटीला लागणाऱ्या खर्चासाठी सिमोनने आपले दागिने काढले असं सांगतात. १९५३ मध्ये पुस्तक आलं, १९५६ मध्ये त्याच नावाचा चित्रपट ‘द सायलेंट वर्ल्ड’. त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पाठोपाठ ऑस्करही. मग १९६८ पासून अमेरिकी टीव्हीवर त्याची मालिका सुरू झाली. लाल टोपी घातलेला हा कप्तान घराघरात पोहोचला. कोणत्याही कंपनीने पैसे ओतून अशी जाहिरात करून घेतली नसती. माणसं टीव्ही बंद करून दुकानात जायची.

आणि घेऊन काय करायची? सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत भालेवाले पुष्कळ. टाकी पाठीवर, भाला हातात, खडकातले मोठे मासे टिपायचे. कुस्तोही त्याच वाटेने आला होता. १९५६ च्या त्या गाजलेल्या चित्रपटात तर त्याची माणसं मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावतात आणि शार्क मारतात. आज ते बघवत नाही. पुढच्या वर्षांत भूमध्य समुद्रातल्या ओळखीच्या जागा त्याला ओस पडलेल्या दिसू लागल्या. १९६० मध्ये किरणोत्सारी कचरा समुद्रात टाकण्याच्या बेताविरुद्ध तो उभा राहिला, १९७३ मध्ये त्याने समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. ज्या खोल जागा श्वासाअभावी आपोआप सुरक्षित होत्या, त्यांची कुलपं त्याच्याच यंत्राने उघडली होती. उरलेलं आयुष्य तो त्या दारात राखणदारासारखा उभा राहिला. त्यात पश्चात्ताप किती आणि प्रसिद्धीची हौस किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण काम झालं ते खरं.

धंदा तोवर त्याच्या हातून निसटला होता. पेटंट दोन नळ्यांच्या रचनेचं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने १९५२ च्या सुमारास एकाच नळीचं यंत्र बाजारात आणलं. हलकं आणि सोयीचं. १९६० मध्ये एअर लिक्विडने त्याची कंपनीच विकत घेतली. आज सगळीकडे दिसतं ते एका नळीचंच. १९६३ मध्ये स्कूबाप्रो ही कंपनी उभी राहिली, ती गुस्ताव दाल्ला वाल्लेने एका डॉलरला घेतली होती म्हणे. तिने खेळाच्या सामानाच्या दुकानांना माल न देता फक्त डायव्हिंगच्याच दुकानांतून विकायचं ठरवलं. १९६६ मध्ये पॅडी ही शिकवणारी संस्था निघाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी जॉन क्रोनिन यू.एस. डायव्हर्सचा विक्रेता होता. शिकलेला माणूसच सामान घेतो, हे विक्रेत्याला बरोब्बर कळलं होतं. त्यानंतर दुकानाचा नफा एका यंत्रावर राहिला नाही. वर्ग, रबरी सूट, तरंगण्याचं जाकीट, मनगटावरचा संगणक, टाकी भरणं, दुरुस्ती, सहली असं सगळं मिळून दुकान चालू लागलं. मग टपालाने आणि इंटरनेटवर स्वस्त माल येऊ लागला. गिऱ्हाईक दुकानात मापं बघायचं आणि मागवायचं दुसरीकडून.

आपल्याकडे तर विक्रीचा टप्पा जवळपास वगळूनच थेट भाड्यावर गाडी आली. मालवण-तारकर्ली, वास्कोसमोरचं ग्रँड आयलंड, मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी, कुठेही जा. पर्यटक दुसऱ्याचं सामान अंगावर चढवतो, प्रशिक्षकाचा हात धरून थोडा वेळ खाली जातो, व्हिडिओ घेतो आणि घरी येतो. विकत घेणारे मोजके. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकलेल्यांची गोष्ट निराळी. नळी तोंडात धरून पहिला श्वास आत जातो, तेव्हा तो झडप सोडते. तत्त्व तेच, मार्न नदीत तपासलेलं.

कुस्तोची शेवटची वर्षं सुखाची गेली नाहीत. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. १९९० मध्ये सिमोन गेली. पुढच्या वर्षी त्याने दुसरं लग्न केलं. थोरला मुलगा जाँ मिशेल याने फिजीमध्ये कुस्तो नावाचं रिसॉर्ट काढलं, तर बापाने मुलाला कोर्टात खेचलं. शेवटी रिसॉर्टच्या नावात मुलाचं पूर्ण नाव घालावं लागलं. बाजारात आता किंमत यंत्रापेक्षा कुस्तो या नावाची होती. १९९६ च्या जानेवारीत सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये कुस्तोने शेवटचा श्वास घेतला. त्याला जन्मगावीच पुरलं.

ॲक्वालंगचा व्यवसाय एअर लिक्विडने त्यानंतरही चालवला आणि २०१६ च्या अखेरीस एका गुंतवणूक कंपनीला विकून टाकला.