तीन धडांची होडी

१९६० साली इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात अमेरिकेहून एक होडी दाखल झाली. लांबी अवघी ३० फूट. मधोमध एक निमुळते मुख्य धड, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान धडे आणि तिन्हींना सांधणाऱ्या आडव्या तुळया. बांधणी प्लायवूडची, तीही कोण्या नामांकित गोदीतली नव्हे, हौशी हातांची. मॅसॅच्युसेट्समधील स्वॉन्झी येथून निघून अझोर्स बेटांमार्गे तिने अटलांटिक महासागर पार केला होता. होडीचे नाव ‘निंबल’. तिचे रचनाकार आणि कप्तान आर्थर पायव्हर हे व्यवसायाने मुद्रक होते. दोन सहकाऱ्यांसह ते इंग्लंडला पोहोचले खरे. पण एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची पहिलीवहिली शर्यत, जिच्यासाठी हा सारा आटापिटा होता, ती प्लिमथहून कधीच सुटली होती. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ती ४० दिवसांत जिंकली. पायव्हर यांची हुकलेली ही शर्यत पुढे आठ वर्षांनी त्यांच्या जिवावर बेतणार होती.

पायव्हर यांचा जन्म १९१० चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वैमानिक म्हणून काम केले. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरालगतच्या मिल व्हॅली या टुमदार गावी ते स्थायिक झाले. छापखाना हे पोटापाण्याचे साधन आणि शिडाची होडी हा छंद. नौकाबांधणीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्या शिक्षणाचा अभाव हे त्यांचे बळ होते की उणीव, यावर नौकाविश्वात नंतर बराच वाद झाला. त्यांच्या आयुष्याकडे पाहता दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो.

एकाहून अधिक धडांची होडी ही कल्पना त्यांची नव्हे. पॅसिफिकमधील बेटांवरचे दर्यावर्दी शेकडो वर्षे अशा होड्यांतून महासागर ओलांडत आले. आपल्या कोकण किनाऱ्यावरही होडीच्या एका अंगाला आडव्या काठ्यांनी जोडलेली लाकडी उलांडी असते. तीही त्याच कुळातली. ‘ट्रायमारन’ हा शब्द रूढ केला तो युक्रेनमधून अमेरिकेत आलेल्या व्हिक्टर चेचेट यांनी. पायव्हर यांनी या जुन्या कल्पनेला नव्या सामग्रीची जोड दिली आणि ती थेट मध्यमवर्गीय माणसाच्या अंगणात आणून ठेवली.

त्या काळी समुद्रात जाण्याजोगी नौका ही श्रीमंतांची मिरास होती. नौका वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळाशी शिशाची किंवा लोखंडाची जड कील लागे, तो भार पेलण्यासाठी जाड सांगाडा लागे आणि तो सांगाडा घडवायला पिढीजात कसबी कारागीर. पायव्हर यांच्या रचनेत स्थैर्य वजनातून येत नव्हते, रुंदीतून येत होते. कील गेली, तिच्याबरोबर शिसे गेले आणि जाड लाकूडही गेले. उरले ते जलरोधक गोंदाने चिकटवलेले प्लायवूड, लाकडी पट्ट्या, खिळे, फायबरग्लासचे कापड आणि रेझिन. यातले बहुतेक सारे कोणत्याही अमेरिकन शहरातल्या लाकडाच्या वखारीत आणि रंगाच्या दुकानात मिळू लागले होते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात १६ फुटांच्या लहान होडीपासून त्यांनी प्रयोग सुरू केले. ‘निंबल’च्या यशानंतर त्यांनी ३५ फुटी ‘लोडस्टार’ बांधली आणि १९६१-६२ मध्ये तिच्यातून पॅसिफिक ओलांडून न्यूझीलंड गाठले. दोन्ही सफरींवर त्यांनी पुस्तके लिहिली. पुस्तके वाचून पत्रे येऊ लागली आणि पत्रांना उत्तर म्हणून नकाशे जाऊ लागले. टपालाने नकाशांची गुंडाळी मागवायची आणि घरामागच्या मोकळ्या जागेत होडी उभी करायची, असा नादच पसरला. अमेरिकेपाठोपाठ ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये शिक्षक, सुतार, कारकून अशा माणसांनी त्यांच्या आराखड्यांवरून होड्या बांधायला घेतल्या. ब्रिटनमध्ये तर त्यांच्या होड्यांचे तयार सुटे भागही विकले जाऊ लागले.

या होड्यांचे सारे भवितव्य अवलंबून होते ते सांध्यांवर. प्लायवूडचे दोन तक्ते कोनात भिडतात तिथे नुसता गोंद आणि खिळे पुरत नाहीत. समुद्रात होडीचे अंग सतत पिळवटत असते. एकाच धडाच्या होडीत हा पीळ सबंध धडावर वाटला जातो. तीन धडांच्या होडीत प्रत्येक धड स्वतंत्र लाटेवर चढते-उतरते आणि त्यांच्यातील तुळयांच्या मुळाशी सारा जोर एकवटतो. शिवाय प्लायवूडची कड उघडी राहिली की पाणी थरांत शिरून लाकूड कुजते. म्हणून अशा सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी रेझिनमध्ये भिजवून बसवली जाई आणि पुष्कळदा सबंध धडावर त्या कापडाचे आवरण चढवले जाई.

वरवर पाहता हे काम भिंतीला कागद चिकटवण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात वेळेचे गणित मोठे नाजूक असते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होते. हार्डनरचे प्रमाण साधारणतः शेकडा एक-दोन. ऊन असेल तर डब्यातले मिश्रण काही मिनिटांतच गोठू लागते, थंडी आणि ओल असेल तर तासन् तास चिकट राहते. पहिला थर ओला किंवा चिकट असतानाच दुसरा चढवला, तर दोन्ही थरांतील रेझिन रासायनिक दृष्ट्या एकजीव होते. पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा लावला, तर तो केवळ चिकटून राहतो, एकजीव होत नाही. अशा वेळी सुकलेला पृष्ठभाग खरखरीत कागदाने घासून, त्याची चकाकी पूर्ण घालवून, धूळ पुसूनच पुढचा थर द्यावा लागतो. रेझिनमध्ये मेण मिसळलेले असेल तर धोका अधिक. ते मेण सुकताना वर येते आणि डोळ्यांना न दिसणारा पडदा तयार करते. त्यावर चढवलेला थर पुढे सालीसारखा निघतो.

थरांच्या कडांचेही शास्त्र आहे. सांध्यावर तीन पट्ट्या बसवायच्या असतील तर तिन्हींच्या कडा एकाच रेषेत ठेवून चालत नाही. त्या रेषेवर जाडी एकदम बदलते आणि तडा नेमका तिथेच जातो. प्रत्येक पट्टीची रुंदी थोडी वेगळी ठेवून कडा पायरीपायरीने उतरवत न्याव्या लागतात. लांबीच्या दिशेने एक पट्टी संपून दुसरी सुरू होते तिथे दोन्ही टोके काही इंच एकमेकांवर चढवावी लागतात आणि हे जोड सर्व थरांत एकाच जागी येऊ द्यायचे नसतात. विटांच्या भिंतीत गवंडी सांधे चुकवतो तसेच. आतल्या बाजूच्या कोपऱ्यात कापड काटकोनात वळत नाही, मागे हवा राहते. म्हणून तो कोपरा लाकडाचा भुसा मिसळलेल्या घट्ट रेझिनने आधी गोलसर करून घ्यावा लागतो. अखेरीस रूळ फिरवून हवेचा प्रत्येक बुडबुडा काढायचा. पांढुरका ठिपका दिसला की समजावे, तिथे कापड रेझिन प्यायलेले नाही.

हे सारे सांगणारा वस्ताद कारखान्यात जवळ उभा असतो. अंगणात होडी बांधणाऱ्यापाशी असतो तो फक्त नकाशा. दिवसभराच्या नोकरीनंतर, दिव्याच्या उजेडात, उग्र वासाने डोके जड झालेले असताना एक थर चढवायचा आणि पुढचा येत्या रविवारी. मधल्या आठवड्यात पहिला थर दगडासारखा झालेला. घासण्याचे काम कंटाळवाणे, अंगाला खाज आणणारे आणि वरून कुणालाही न दिसणारे. त्यात कसूर झाली तरी रंग लावल्यावर होडी तितकीच देखणी दिसते.

पायव्हर यांचा उत्साह संसर्गजन्य होता. होडी बांधणे कुणालाही जमेल, हा त्यांच्या लेखनाचा सूर. हजारो माणसांना त्याने समुद्राचे स्वप्न दिले. मात्र त्या सुरात सावधगिरीचा स्वर क्षीण होता, हेही मान्य करावे लागेल. नकाशा विकत घेणाऱ्याच्या हातात कौशल्य किती, हे तपासण्याची सोय नव्हती. अनेकांनी आराखड्यात मनाने बदल केले. कुणी केबिन उंचावली, कुणी पाण्याच्या टाक्या आणि संसाराचे सामान भरून मूळची हलकी होडी जड केली. जड झालेली ट्रायमारन पाण्यात खोल बसते, लाटा तिच्या तुळयांखाली आदळू लागतात आणि ज्या सांध्यांनी हलका भार पेलायचा, त्यांच्यावर दुपटीने ताण येतो. त्यातच कील नसलेली होडी एकदा पालथी झाली की आपणहून सरळ होत नाही. साठच्या दशकात बहुधडी होड्यांचे अपघात होऊ लागले तेव्हा जुन्या वळणाच्या नौकाक्लबांतील मंडळींनी या साऱ्या प्रकारालाच धोकादायक ठरवले. तो निवाडाही एकांगी होता. नीट बांधलेल्या, हलक्या ठेवलेल्या पायव्हर-होड्या महासागर पार करतच होत्या.

त्यांच्याच प्रभावातून पुढची पिढी घडली. जिम ब्राउन यांनी पायव्हर यांच्या आराखड्यावरून सुरुवात करून पुढे स्वतःच्या ‘सीरनर’ ट्रायमारन रचल्या. ब्रिटनचे डेरेक केल्सल १९६४ च्या अटलांटिक शर्यतीत पायव्हर यांच्या ‘लोडस्टार’ आराखड्याच्या होडीतून उतरले होते. दोन वर्षांनी त्यांनी ‘तोरिया’ ही ४२ फुटी ट्रायमारन बांधली. तिच्यात प्लायवूडला जागाच नव्हती. हलक्या फोमच्या दोन्ही अंगांना फायबरग्लासचे थर, अशी ती रचना. १९६६ ची ब्रिटनप्रदक्षिणेची शर्यत ‘तोरिया’ने जिंकली. तीन धडांच्या होड्यांना शर्यतीच्या जगात प्रतिष्ठा मिळाली. परंतु पायव्हर यांची स्वतःची रचना मात्र मागे पडू लागली. शिष्य वेगाने पुढे जात असताना गुरूला आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावीशी वाटली असेल तर त्यात नवल नाही.

१९६८ च्या अटलांटिक शर्यतीत उतरण्याचे त्यांनी ठरवले. वय ५८ च्या घरात. शर्यतीत प्रवेशासाठी आधी एकट्याने लांब पल्ल्याची सफर करून दाखवण्याची अट होती. ती पूर्ण करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को उपसागरातून २५ फुटी ट्रायमारन घेऊन ते एकटेच दक्षिणेला सॅन दिएगोकडे निघाले. ज्यांनी दोन महासागर ओलांडले होते, त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचा हा प्रवास म्हणजे औपचारिकताच. पण ते सॅन दिएगोला पोहोचले नाहीत. ना होडी सापडली, ना ते. जूनमध्ये प्लिमथहून शर्यत सुटली तेव्हा त्यांचे नाव बेपत्ता व्यक्तींत होते.

त्याच वर्षी लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. नऊ स्पर्धकांपैकी दोघांच्या होड्यांचे मूळ मिल व्हॅलीत होते. ब्रिटिश नौदलातील नायजेल टेटली यांची ‘व्हिक्ट्रेस’ ही पायव्हर यांच्या त्याच नावाच्या ४० फुटी आराखड्याची. प्लायवूडच्या या होडीत टेटली पत्नीसह राहतही असत. दुसरे डोनाल्ड क्राउहर्स्ट, जन्म गाझियाबादचा. त्यांच्या ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ची धडे ‘व्हिक्ट्रेस’चीच होती, वरचा भाग तेवढा बदललेला. निघण्याची मुदत ३१ ऑक्टोबर १९६८. घाईघाईत होडी उभी राहिली. डेकवर फायबरग्लासचा थर चढवायला वेळ उरला नाही म्हणून रंगावर भागवण्यात आले. क्राउहर्स्ट यांना ते मुळीच पटले नव्हते. समुद्रात शिरताच पाणी आत येऊ लागले. दक्षिण महासागरात जाण्याची या होडीची कुवत नाही हे ओळखून त्यांनी अटलांटिकमध्येच राहून खोट्या नोंदी पाठवायला सुरुवात केली. १० जुलै १९६९ रोजी होडी सापडली ती रिकामी.

टेटली यांची कहाणी पायव्हर यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. दक्षिण महासागराच्या लाटांत ‘व्हिक्ट्रेस’चे सांधे खिळखिळे झाले, तरी केप हॉर्नला वळसा घालून ती अटलांटिकमध्ये परतली आणि एप्रिल १९६९ मध्ये तिने आपला जाण्याचा मार्ग छेदला. ट्रायमारनमधून झालेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. घर जवळ आले होते. पण मागून क्राउहर्स्ट वेगाने येत असल्याच्या बातम्या ऐकून टेटली यांनी जीर्ण होडी ताणून हाकली. मे महिन्यात अझोर्सजवळच्या वादळात डाव्या धडाचा पुढचा भाग निखळला आणि त्याने मुख्य धडालाच भगदाड पाडले. होडी बुडाली. टेटली यांना एका इटालियन टँकरने वाचवले.

शर्यत पूर्ण करणारी एकमेव होडी होती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहेली’. ती मुंबईत, १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, सागवानात बांधलेली. हाताच्या हत्यारांनी काम करणाऱ्या येथील सुतारांनी घडवलेली ती जड, संथ होडीही गळली होतीच. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात पाण्याखाली उतरून तिच्या फटींत कापूस ठासला आणि वर तांब्याची पट्टी ठोकली. फायबरग्लासच्या उकललेल्या थराला असा उपाय भर समुद्रात करता येत नाही. त्यासाठी कोरडा पृष्ठभाग हवा.

पॉलिएस्टर रेझिन लाकडावर दीर्घकाळ टिकून राहत नाही, ही गोष्ट तोवर घरबांधणीच्या होड्यांनी पुरेशी दाखवून दिली होती. मिशिगनमधील बे सिटीच्या गूजन बंधूंनी इपॉक्सी रेझिनचा मार्ग धरला. लाकडाला घट्ट धरणारे हे रेझिन पाण्याला थारा देत नाही. १९७० मध्ये त्यांनी ‘अडॅजिओ’ नावाची ३५ फुटी होडी पाण्यात सोडली. तिचे सारे सांधे इपॉक्सीने जोडलेले होते, खिळ्यांचा आधार न घेता. तीही तीन धडांचीच होती.