जॉन स्कॉट हॉल्डेन

जॉन स्कॉट हॉल्डेन (जन्म : मे १८६०, एडिंबर्ग, मृत्यू : मार्च १९३६, ऑक्सफर्ड) हे ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक होते. भूमिगत कोळसाखाणीतील वायू आणि त्यांचा मानवी श्वसनावर होणारा परिणाम यांच्या अभ्यासासाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. खाणीत विषारी वायूची पूर्वसूचना मिळावी म्हणून उंदीर आणि कॅनरी पक्षी नेण्याची सूचना त्यांनीच केली. विख्यात जीववैज्ञानिक जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र, तर लेखिका नेओमी मिचिसन या कन्या होत.

कुटुंब आणि शिक्षण

हॉल्डेन घराणे स्कॉटलंडमधील सुविद्य व प्रतिष्ठित घराणे होते. बंधू रिचर्ड हे पुढे ब्रिटनचे लॉर्ड चान्सलर झाले. जॉन यांनी एडिंबर्ग विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. नंतर मामा जॉन बर्डन सँडरसन ऑक्सफर्डला शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते, तेथे ते काम करू लागले. वैद्यकाची पदवी असूनही रुग्णसेवेपेक्षा त्यांचे मन हवेच्या परीक्षणात अधिक रमले. गटारे, कोंदट वस्त्या, कारखाने आणि शेवटी खाणी अशी त्यांची वाट आहे.

खाणीतील वायू

खाणकामगारांच्या बोलीत घातक वायूंना वेगवेगळी नावे होती. छताशी साचून स्फोट घडवणारा मिथेन म्हणजे फायरडॅम्प, दिवा मालवणारा तो ब्लॅकडॅम्प आणि स्फोटानंतर मागे राहणारा तो आफ्टरडॅम्प. ब्लॅकडॅम्प म्हणजे प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड, असा पूर्वी समज होता. हॉल्डेन यांनी नमुन्यांचे पृथक्करण करून दाखवले, की त्यात फार मोठा भाग नायट्रोजनचा असतो आणि कार्बन डायऑक्साइड त्या मानाने थोडा. उघडा पडलेला कोळसा हवेतील ऑक्सिजन शोषून घेतो आणि उरते ती निःसत्त्व हवा. म्हणजे हा वायू खाणीत कोठून तरी येत नाही. हवाच तेथे खर्ची पडते.

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन ५७ जण दगावले. हॉल्डेन यांनी तेथे जाऊन मृतदेहांची तपासणी केली. तोवर असे मृत्यू भाजून किंवा स्फोटाच्या धक्क्याने होतात असे मानले जाई. परंतु बहुतेकांच्या त्वचेवर आणि रक्तात गुलाबी-लालसर छटा होती. ती कार्बन मोनॉक्साइडची खूण. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा या वायूची ओढ दोनशेहून अधिक पटींनी जास्त असते, त्यामुळे हवेतील त्याचे अल्प प्रमाणही पुरते. स्फोटातून वाचलेली माणसे बाहेर पडण्याच्या वाटेवर कोसळत होती. याचा अर्थ, योग्य साधन आणि योग्य माहिती असती तर त्यांतील पुष्कळजण वाचू शकले असते. हॉल्डेन यांचा त्याच वर्षीचा सरकारी अहवाल या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

हा वायू किती घातक आहे हे पाहण्यासाठी हॉल्डेन यांनी तो स्वतः हुंगला आणि आपल्या रक्ताची वेळोवेळी मोजणी केली. ब्लॅकडॅम्पमध्ये माणूस गुदमरण्याआधी ज्योत विझते, म्हणून दिवा त्याची सूचना देतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये मात्र दिवा नीट जळत राहतो आणि माणूस पडतो. दिव्यावर विसंबणाऱ्या कामगाराचा घात येथेच होई. लहान प्राण्याचा श्वास जलद चालत असल्याने त्याला विषबाधा माणसाच्या बरीच आधी होते. उंदरापेक्षा कॅनरी अधिक सोयीचा ठरला, कारण तो दांडीवरून पडला की लगेच दिसते. ब्रिटनमधील खाणींतून हे पक्षी १९८६ नंतर हटवण्यात आले आणि त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी घेतली.

धाकट्या जे. बी. एस. यांनाही ते खाणीत नेत. स्टॅफर्डशायरमधील एका खाणीत त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील मार्क अँटनीचे भाषण म्हणायला लावले. छताजवळच्या मिथेनमुळे मुलगा धापा टाकत खाली कोसळला. जमिनीलगत हवा चांगली असल्याने तो सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो हा धडा असा शिकवणे आज कोणत्याही शाळेत चालणार नाही.

इतर संशोधन

१९०५ मध्ये प्रीस्टली यांच्यासह त्यांनी श्वसनाचा वेग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर ठरतो असे सिद्ध केले. उष्ण खाणीत काम करण्याची मर्यादा साध्या नव्हे, तर ओल्या तापमापकाच्या नोंदीवर अवलंबून असते हेही त्यांनी दाखवले. खोल पाण्यातून पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर यावे, यासाठीची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे प्रयोग शेळ्यांवर झाले होते. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मन सैन्याने वापरलेला वायू तपासण्यासाठी ते फ्रान्सला गेले. १९३४ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले.

कोळशाची धूळ

१९१२ पासून ते डॉनकॅस्टर येथील खाणमालकांच्या संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. खोदून सोडलेल्या पोकळीतील कोळशाचे स्वयंज्वलन हा तेथील मुख्य विषय होता. ही प्रयोगशाळा १९२१ मध्ये बर्मिंगहॅमला हलवण्यात आली. दगडाची धूळ फुप्फुसाला घातक आहे हे हॉल्डेन मान्य करत. कोळशाची धूळ मात्र जवळजवळ निरुपद्रवी, असे त्यांचे मत होते. त्यांच्या नावाचे वजन मोठे असल्याने हे मत दीर्घकाळ टिकले. दक्षिण वेल्समधील तपासणीनंतर, त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १९४३ मध्ये कोळसाकामगारांच्या फुप्फुसविकाराला भरपाईचा अधिकार मिळाला. वायूच्या बाबतीत कामगारांचे प्राण वाचवणाऱ्या शास्त्रज्ञाचे धुळीच्या बाबतीतील हे मत हजारो कामगारांना महागात पडले, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

१९३६ मध्ये पर्शिया व इराकमधील तेल शुद्धीकरण कारखान्यांत उष्माघाताची पाहणी करून परतल्यावर न्यूमोनियाने त्यांचे ऑक्सफर्ड येथे निधन झाले.

बंद खाणी आणि वरची जमीन

खाण बंद झाली तरी ब्लॅकडॅम्प तयार होणे थांबत नाही. शाफ्टवर झाकण बसवून, भराव टाकून जमीन पुन्हा वापरात आणली, तरी खालच्या पोकळ्या राहतात. वातावरणाचा दाब उतरला की त्यांतील वायू भेगांतून वर येतो. दाब चढला की बाहेरची हवा आत ओढली जाते. नॉर्थंबरलँडमध्ये या वायूला आजही स्टाइथ म्हणतात. एडिंबर्गच्या दक्षिणेस असलेल्या गोरब्रिज गावात जुन्या खाणीवरील नव्या वसाहतीत २०१३ मध्ये घरांत कार्बन डायऑक्साइड शिरत असल्याचे आढळले. रहिवाशांना हलवावे लागले आणि पुढे तेथील ६४ घरे पाडण्यात आली.